पोलादापेक्षा मजबूत? आधी कोणतं हाड ते सांगा

‘हाड पोलादापेक्षा मजबूत असतं.’ शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातल्या तक्त्यावर हे वाक्य असतं, सामान्यज्ञानाच्या पुस्तकात असतं, सकाळी सकाळी व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या माहितीत असतं, आणि आरोग्यावर व्याख्यान देणाऱ्या वक्त्यांच्या तोंडीही असतं. जोडीला एक आकडा हमखास येतो: एक घन इंच हाड साडेआठ हजार किलोंच्या वर भार पेलतं, म्हणजे काँक्रीटच्या चौपट. मुलं टाळ्या वाजवतात. पुढे त्यांतलीच काही मुलं इंजिनिअरिंगला येतात आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या माझ्या वर्गात हेच वाक्य सोबत घेऊन बसतात. माझं म्हणणं सरळ आहे. हे वाक्य चूक आहे, आणि ज्या समजुतीतून ते जन्माला येतं ती समजूत त्याहून घातक आहे. हाड नावाचा एक पदार्थ आहे आणि त्याला मजबुतीचा एक आकडा आहे, ही ती समजूत. तिच्यामुळे प्रकल्प अहवाल बिघडतात, संगणकावरची मॉडेलं बिघडतात आणि अखेर जनावराच्या मोडलेल्या पायात बसवायच्या पट्टीचा हिशेबही बिघडतो.

आधी त्या वाक्याचाच हिशेब करू. मेगापास्कल म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर एक न्यूटन, ढोबळमानाने शंभर ग्रॅमचा भार. घन इंचवाल्या आकड्याचं रूपांतर केलं तर सुमारे १३० मेगापास्कल येतात. माणसाच्या मांडीच्या हाडावरची सर्वाधिक उद्धृत होणारी मोजमापं रायली आणि बर्स्टिन यांनी १९७५ साली प्रसिद्ध केली. त्यांत हाडाच्या लांबीच्या दिशेने ताणलं तर १३३ मेगापास्कलला हाड तुटतं आणि दाबलं तर १९३ला चिरडतं. घराच्या स्लॅबला वापरतात ते एम-२५ काँक्रीट दाबाखाली २५ मेगापास्कलचं. तेव्हा काँक्रीटबद्दलचा दावा खरा आहे, उलट थोडा कमीच केलेला आहे. ताणाखाली तर काँक्रीट दाबाच्या जेमतेम एक दशांश टिकतं, तिथे तुलनाच नको.

पोलादाशी मात्र गाठ पडली की दावा कोसळतो. साधं माइल्ड स्टील २५० मेगापास्कलपर्यंत ताणलं तरी सोडल्यावर पूर्ववत होतं. बांधकामावर सगळ्यांनी पाहिलेली एफई-५०० सळई ५०० मेगापास्कलला कायमची लांबू लागते आणि तुटायला किमान ५४५ लागतात. म्हणजे ताणाखाली सळई हाडाच्या चौपट. ताठरपणा पाहा: पोलादाचा यंग्ज मोड्युलस २०० गिगापास्कल, हाडाचा त्याच मोजमापांत लांबीच्या दिशेने १७. आणि चिवटपणा? भारतीय मानकाप्रमाणे एफई-५०० सळईने तुटण्यापूर्वी किमान १२ टक्के लांबायला हवं. हाड एक ते तीन टक्क्यांतच तुटतं.

इथे वाक्याचे पाठीराखे दुसरी बाजू धरतात: ‘अहो, वजनाच्या मानाने म्हणायचं आहे.’ ठीक, तसंही करू. हाडाची घनता घन सेंटिमीटरला साधारण दोन ग्रॅम, पोलादाची ७.८५. ताणशक्तीला घनतेने भागलं तर हाडाचे ६६ आणि सळईचे ६९ येतात. बरोबरी म्हणा हवं तर, विजय म्हणता येत नाही. ताठरपणाला भागलं तर हाड साडेआठ, पोलाद पंचविसाच्या पुढे. एका ठिकाणी हाड खरंच पुढे जातं आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो: लांबलचक दांडा वाकवायचा असेल आणि त्याची जाडी हवी तेवढी ठेवायची मुभा असेल, तर त्याच वजनात हाडाचा दांडा पोलादी दांड्यापेक्षा थोडा कमी वाकतो. पायाच्या हाडांना मुख्यतः वाकण्याशीच झुंजावं लागतं, म्हणून हा मुद्दा क्षुल्लक नाही. पण ‘त्याच वजनात, वाकताना, थोडा कमी’ एवढंच त्यातून निघतं. ‘पोलादापेक्षा मजबूत’ या दोन शब्दांना त्याचा आधार मिळत नाही.

इथपर्यंतचा वाद आकड्यांचा होता आणि तो मिटवायला पाच मिनिटं पुरतात. खरा वाद पुढे आहे. वरच्या सगळ्या हिशेबात मीही ‘हाड’ असा एकच शब्द वापरला आणि माणसाच्या मांडीच्या हाडाचे आकडे सर्व हाडांचे म्हणून पुढे केले. चर्चेच्या सोयीसाठी ते चालवून घेतलं, यापुढे चालवणार नाही.

जॉन करी हे इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ. प्राण्यांच्या हाडांची यांत्रिक मोजमापं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. १९७९ साली त्यांनी तीन हाडं शेजारी शेजारी ठेवून मोजली. एक, लाल हरणाच्या नराचं शिंग. बैलाच्या शिंगाचा बाहेरचा भाग केसानखांच्या द्रव्याचा असतो. सांबर, चितळ, लाल हरीण यांची दरवर्षी गळून नव्याने उगवणारी शिंगं मात्र अस्सल हाडाची असतात. दोन, गायीच्या मांडीचं हाड. तीन, फिन व्हेल या महाकाय देवमाशाच्या कानाभोवतीचं हाड, टिम्पॅनिक बुला. तिन्हींत कच्चा माल तोच: कोलॅजेन हे प्रथिन, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं खनिज, आणि पाणी. प्रमाण तेवढं वेगळं. खनिज शिंगात सुमारे ५९ टक्के, मांडीच्या हाडात ६७, कानाच्या हाडात ८६.

आता मोजमापं बघा. ताठरपणा: शिंगाचा ७.४ गिगापास्कल, मांडीच्या हाडाचा १३.५, कानाच्या हाडाचा ३१.३. वाकवून मोडण्याची ताकद: शिंग १७९ मेगापास्कल, मांडी २४७, कान फक्त ३३. आणि तडा पुढे सरकवत हाड दुभंगवायला लागणारी ऊर्जा, म्हणजे चिवटपणा: शिंगाला चौरस मीटरला ६१९० ज्यूल, मांडीच्या हाडाला १७१०, कानाच्या हाडाला २००.

आता सांगा, या तिघांत मजबूत कोण? ताठरपणाची स्पर्धा लावली तर देवमाशाच्या कानाचं हाड पहिलं, मांडी दुसरी, शिंग शेवटचं. ताकदीची लावली तर मांडी पहिली. चिवटपणाची लावली तर शिंग पहिलं येतं आणि कानाचं हाड त्याच्या एकतिसाव्या हिश्श्यावर उरतं. तीन स्पर्धांत तीन वेगवेगळे विजेते. यातली एकही गोष्ट योगायोगाने झालेली नाही. विणीच्या हंगामात दोन नर शिंगाला शिंग भिडवतात तेव्हा धक्का पचवणं महत्त्वाचं. थोडं जास्त लवलं तर बिघडत नाही, मोडलं तर मात्र तो हंगाम हातचा गेला. गायीच्या मांडीला रोजचा भार न लवता वाहायचा असतो आणि अधूनमधून पाय घसरला तर तेही सोसायचं असतं, म्हणून तिथे मधला मार्ग. देवमाशाच्या कानावर भार येतच नाही. पाण्यातला आवाज नीट ओळखायला तिथे जड आणि ताठ हाड हवं, मग ठिसूळपणा चालून जातो. खनिज वाढवलं की ताठरपणा वाढतो आणि चिवटपणा ढासळतो. दोन्ही एकदम कमाल करता येत नाहीत, आणि प्रत्येक प्राण्याच्या प्रत्येक हाडात हा सौदा वेगळ्या ठिकाणी ठरलेला आहे. असं असताना ‘हाडाची मजबुती’ एका आकड्यात सांगणारा माणूस आपल्याला माहिती देत नसतो, असलेली माहिती पुसून टाकत असतो.

बरं, एकच प्राणी आणि एकच हाड घेतलं, तरी आकडा एक येत नाही. हे आमच्याकडच्या प्रयोगशाळेत रोज दिसतं, म्हणून थोडं जवळून सांगतो. महाराष्ट्रात २०१५पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे आमच्या टेबलावर येते ती खाटकाकडून आणलेली म्हशीची किंवा बोकडाची नळी. संदर्भग्रंथातला आकडा परदेशी गायीचा किंवा माणसाचा. पहिली गफलत इथेच होते: मुलं बोकडाचं हाड मोडतात आणि अहवालात १७ गिगापास्कल लिहून मोकळी होतात, कारण ‘हाड’ शोधल्यावर तोच आकडा समोर येतो.

नळी कापताना पात्यावर पाण्याची धार ठेवावी लागते. धार थांबली की पातं तापतं आणि जळक्या केसांसारखा वास सुटतो. तो वास आला की ती पट्टी बाद, कारण आतलं कोलॅजेन शिजलेलं असतं. हाडाच्या भिंतीतून दोन मिलिमीटर जाड, चार रुंद आणि चाळीस लांब अशी पट्टी काढायची, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळायची आणि चाचणीच्या दिवसापर्यंत उणे वीस अंशांवर गोठवून ठेवायची. चाचणी चालू असतानाही ड्रॉपरने थेंब सोडत राहायचं. एवढा खटाटोप कशासाठी, असं मुलं विचारतात. पंख्याखाली सुकू दिलेली पट्टी जास्त ताठ होते, बऱ्याचदा तिची ताणशक्तीही वाढलेली दिसते, आणि तुटण्यापूर्वी ती जी ऊर्जा शोषते ती मात्र घटते. इव्हान्स आणि लेबो यांनी १९५१ सालीच हे दाखवून दिलं आहे. सुकं हाड मोजणाऱ्याला हाड आहे त्याहून बळकट वाटतं आणि ते किती ठिसूळ झालं आहे हे त्याच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. फॉर्मेलिनच्या बरणीत वर्षानुवर्षं पडलेल्या हाडावर केलेल्या चाचण्यांची कथा याहून वाईट.

मग ‘हाड नेहमी ओलंच मोजा’ असा नियम करून टाकावा? तोही पुरत नाही. हरणाच्या शिंगावरची मखमली कातडी गळते, रक्तपुरवठा थांबतो, आणि नर झुंजायला उतरतो तोवर शिंग सुकलेलं असतं. करी आणि त्यांच्या स्पॅनिश सहकाऱ्यांनी २००९ साली हेच धरून शिंग सुक्या अवस्थेत मोजलं, तेव्हा धक्क्याखाली ते ओल्या मांडीच्या हाडापेक्षा कितीतरी पट ऊर्जा शोषतं असं आढळलं. प्राणी ते हाड ज्या अवस्थेत वापरतो त्या अवस्थेत मोजायचं, हा खरा नियम. त्यासाठी आधी प्राण्याकडे बघावं लागतं, यंत्राकडे नंतर.

दिशेचंही तेच. रायली-बर्स्टिन यांच्याच मोजमापांत लांबीच्या दिशेने १३३ मेगापास्कल पेलणारं हाड आडव्या दिशेने ताणलं की ५१लाच तुटतं. जाड हाडाच्या भिंतीत सुमारे पाव मिलिमीटर व्यासाच्या नळ्या लांबीच्या दिशेने रचलेल्या असतात, त्यांना ऑस्टिऑन म्हणतात. आडवा येणारा तडा त्यांच्या कडांशी अडतो, वळतो, दमतो. उभा तडा मात्र कडेकडेने सरळ धावत जातो. वेगाचाही परिणाम आहे. कार्टर आणि हेज यांच्या १९७०च्या दशकातल्या सूत्राप्रमाणे दाबण्याचा वेग हजारपट केला की ताकद साधारण दीडपट होते. यंत्रावर सावकाश मोडलेलं हाड आणि खड्ड्यात पाय जाऊन मोडलेलं हाड यांचा आकडा एक कसा असेल?

आणि शेवटी चाचणीची पद्धत. अख्खी बोकडाची नळी दोन रोलरवर ठेवून मधोमध दाबायची आणि यंत्राचा माथा किती खाली आला ते वाचायचं, ही आपल्याकडची सर्वाधिक प्रचलित रीत. सूत्र असतं लांब, सडपातळ दांड्याचं. नळी असते आखूड आणि जाड. रोलरखाली हाड थोडं चेपतं, नळीचा गोल चपटा होतो, कर्तनामुळे आणखी सरकतं, यंत्राची चौकटसुद्धा किंचित ताणली जाते. हे सगळं ‘वाकणं’ म्हणून मोजलं जातं आणि ताठरपणा खऱ्याच्या काही अंशावर येऊन थांबतो. ‘आमचं हाड संदर्भापेक्षा नरम निघालं, बहुधा देशी जातीमुळे’ असा निष्कर्ष मी अहवालांत वाचला आहे. जातीचा इथे संबंध नव्हता. टेकूंमधलं अंतर जाडीच्या सोळा पट तरी हवं होतं आणि लवणूक हाडावरच मोजायला हवी होती, दोन्ही झालं नाही म्हणून आकडा घसरला.

यावर एक उत्तर हल्ली फार आत्मविश्वासाने दिलं जातं. ‘हे सगळं जुनं झालं. आता हाडाचं सीटी स्कॅन करा, फायनाइट एलिमेंट मॉडेल बनवा, संगणक सांगेल.’ या उत्तराचा मला सर्वांत जास्त राग येतो, कारण ते अर्धं खरं आहे. मॉडेल हे उत्तम साधन आहे. पण संगणकाला हाड माहीत नसतं. मटेरियल प्रॉपर्टीच्या रकान्यात आपण जो आकडा भरतो तेवढंच त्याला माहीत असतं.

त्यातली एक गोष्ट वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात येते. मॉडेलमध्ये सगळीकडे एकच ताठरपणा धरला, हाड सर्व दिशांना सारखं मानलं, आणि ठरावीक बल लावलं, तर स्ट्रेसचं जे रंगीत चित्र येतं ते त्या ताठरपणाच्या आकड्यावर अवलंबूनच नसतं. १७ गिगापास्कल भरा, ७ भरा, रबराचा आकडा भरा. पॉयसनचं गुणोत्तर तेच ठेवलं तर स्ट्रेसचा लाल पट्टा तिथेच उमटेल आणि तेवढाच असेल. बदलेल फक्त लवणूक आणि स्ट्रेन (मूळ लांबीच्या मानाने लांबीत पडणारा फरक). म्हणजे चित्र पटण्यासारखं दिसतं, यावरून आकडा बरोबर होता असं मुळीच ठरत नाही. परीक्षक चित्राकडे बघून मान डोलावतात, विद्यार्थी सुटतो, आणि चुकलेला आकडा पुढच्या वर्षीच्या अहवालात संदर्भ म्हणून अवतरतो.

सीटी स्कॅनवरून प्रत्येक ठिकाणचा ताठरपणा काढतो म्हणणाऱ्यांनाही एक प्रश्न आहे: घनतेवरून ताठरपणा काढायचं सूत्र कोणतं? कार्टर आणि हेज यांनी ताठरपणा घनतेच्या घनाच्या प्रमाणात वाढतो असं मांडलं. जाळीदार हाडावर काम करणाऱ्या इतर अनेकांना तो वर्गाच्या प्रमाणात वाढताना दिसला. घनता दुप्पट झाली तर एका सूत्राने ताठरपणा आठपट, दुसऱ्याने चौपट. मेन्यूतून कोणतं सूत्र निवडलं एवढ्यावर उत्तर दुपटीने हलतं, आणि अहवालात त्या निवडीचा उल्लेख एका ओळीतही नसतो.

मॉडेल कसं करावं याची चांगली उदाहरणं आहेत, आणि तीही प्राण्यांचीच. डेव्हिड स्ट्रेट आणि सहकाऱ्यांनी २००५ साली मकाक माकडाच्या कवटीचं मॉडेल केलं आणि हाडाचे गुणधर्म कमीअधिक अचूकपणे भरून काय फरक पडतो हेच तपासलं. प्रत्यक्ष माकडाच्या कवटीवर मोजलेल्या स्ट्रेनशी त्यांनी ते ताडून पाहिलं. कवटी साधारण कशी वाकते-पिळते हा ढोबळ आराखडा साध्या आकड्यांनीही जमतो. नेमकी मात्रा हवी असेल तर त्या त्या जागच्या हाडाचे गुणधर्म मोजून भरावे लागतात. एमिली रेफिल्ड यांनी २०११ साली शहामृगाच्या जबड्यावर स्ट्रेन गेज चिकटवून भार लावला आणि त्याच जबड्याच्या मॉडेलचं उत्तर शेजारी ठेवलं. याच रेफिल्ड डायनोसॉरच्या कवट्यांची मॉडेलं करणाऱ्यांत अग्रणी आहेत. डायनोसॉरचं हाड तर दगड होऊन गेलेलं, त्यासाठी आकडे जिवंत प्राण्यांकडूनच उसने घ्यावे लागतात. म्हणून त्यांनी आजच्या प्राण्याच्या जबड्यावर पद्धत तपासून घेतली. आपल्याकडे म्हशीची ताजी नळी शंभर पावलांवर मिळत असताना तिच्यावर एक गेज न चिकटवता मॉडेल पूर्ण झालं म्हणायचं, याचं समर्थन कसं करणार?

एकच आकडा मानणाऱ्यांचा तिसरा आधार भावनेचा आहे: निसर्गाची रचना परिपूर्ण, म्हणून हाड सर्वश्रेष्ठ. याचं मूळ जुनं आणि सुंदर आहे. १८६६च्या सुमारास झुरिकमध्ये हर्मान फॉन मायर या शरीरशास्त्रज्ञाने मांडीच्या हाडाच्या माथ्याचे काप दाखवले, आणि कार्ल कुलमान या अभियंत्याला त्या जाळीत आपल्या क्रेनमधल्या बलरेषा दिसल्या. त्यावर युलियस वोल्फ यांनी १८९२मध्ये, हाड भाराप्रमाणे घडतं, हा आपला नियम उभारला. पुढे लोकांनी यात आयफेल टॉवरही ओवला. तो म्हणे मांडीच्या हाडावरून बेतला. टॉवरची मूळ कल्पना रेखाटणारा मॉरिस केश्लं हा कुलमानचा विद्यार्थी, एवढा धागा खरा आहे. पण खुद्द आयफेलने १८८७ साली टीकाकारांना उत्तर देताना टॉवरच्या वक्र कडांचं कारण वाऱ्याचा जोर हे दिलं होतं. आणि कुलमानच्या बलरेषा अखंड, सर्व दिशांना सारख्या पदार्थासाठी काढलेल्या होत्या. मांडीच्या माथ्यातली जाळी अखंडही नाही आणि सर्व दिशांना सारखीही नाही.

परिपूर्णतेपेक्षा हाडाचं खरं वैशिष्ट्य मला जास्त मोलाचं वाटतं: ते बदलतं. रूबिन आणि लॅनियन यांनी १९८४ साली कोंबड्याच्या पंखातल्या हाडावर केलेला प्रयोग वाचावा. हाड नेहमीच्या भारापासून तोडलं तर ते झिजू लागलं. दिवसाला भाराची फक्त चार आवर्तनं दिली तर झीज थांबली. छत्तीस दिली तर हाड वाढलं. त्यापुढे कितीही वाढवली तरी जादा लाभ झाला नाही. याच दोघांनी धावणाऱ्या, उडणाऱ्या निरनिराळ्या प्राण्यांची मोजमापं एकत्र केली तेव्हा जोराच्या हालचालीत हाडावरचा स्ट्रेन दोन ते तीन हजार मायक्रोस्ट्रेनच्या आसपास राहतो असं दिसलं. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्याच्या पुढच्या पायातल्या कॅनन हाडावर मात्र ननमेकर यांच्या गटाने भरधाव वेगात पाच हजारांच्या जवळपास स्ट्रेन मोजला. कोवळ्या वयात शर्यतीला जुंपलेल्या घोड्यांना पुढच्या नळीचे थकवा-भंग का होतात, हे त्यातून कळतं. निसर्गाने ते हाड त्या वेगासाठी, त्या वयात, त्या वजनाखाली घडवलंच नव्हतं. माणसाने तो भार लादला, आणि हाडाला स्वतःला बदलायला वेळ दिला नाही. ‘पोलादापेक्षा मजबूत’ म्हणणाऱ्याला हा घोडा दिसत नाही.

‘एवढा काथ्याकूट कशाला, एका वाक्याने मुलांना गोडी लागत असेल तर लागू दे,’ हा शेवटचा आक्षेप मला शिक्षकांकडूनच ऐकावा लागतो. गोडी लागावी असं मलाही वाटतं. पण तीन हाडं, तीन स्पर्धा आणि तीन विजेते ही गोष्ट त्या खोट्या वाक्यापेक्षा कमी रंजक आहे का? आणि याचे परिणाम वर्गाबाहेर जातात. माणसाच्या हाडासाठी बनवलेली पट्टी आणि स्क्रू जेव्हा म्हशीच्या रेडकाच्या किंवा बैलाच्या पायात बसवायचे असतात, तेव्हा पशुवैद्याला त्या जनावराच्या, त्या वयाच्या, त्या हाडाचा आकडा लागतो. स्क्रू कुठे धरेल, कुठे उपटला जाईल हे त्यावर ठरतं. कोलॅजेनची तिपेडी रचना १९५४-५५मध्ये मद्रासला बसून जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी उलगडली. ज्या देशात हाडातल्या प्रथिनाचा सांगाडा शोधला गेला, त्या देशात आपल्याच म्हशीच्या आणि बोकडाच्या हाडाचे आकडे उसने घ्यावे लागू नयेत.

म्हणून इंजिनिअरिंग आणि पशुवैद्यक महाविद्यालयांतल्या मार्गदर्शकांना माझी विनंती आहे. पुढच्या वर्षी हाडावरचा प्रकल्प तुमच्याकडे आला तर आकड्याच्या शेजारी सहा गोष्टी लिहिल्याशिवाय त्यावर सही करू नका: प्राणी आणि त्याचं वय, कोणतं हाड आणि त्यातली कोणती जागा, बलाची दिशा, हाड ओलं की सुकं आणि कसं साठवलं, भाराचा वेग, आणि लवणूक नेमकी कुठे मोजली. मॉडेल असेल तर त्याच हाडावर निदान एक स्ट्रेन गेज चिकटवायला लावा. आणि शाळेच्या प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेलात तर त्या तक्त्यासमोर उभ्या असलेल्या मुलीला एवढंच विचारा: कोणतं हाड?